कॅलिपर ते पोर्टफोलिओ : एका आकड्याची कुळकथा

१८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलिस मुख्यालयात पकडून आणलेल्या माणसाची अकरा मापे घेतली जात. उंची, पसरलेल्या हातांचा विस्तार, बसलेल्या धडाची उंची, डोक्याची लांबी आणि रुंदी, गालांची रुंदी, उजवा कान, डावे पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट आणि करंगळी, आणि डाव्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ ‘हात’ म्हणतात ते माप. कॅलिपरने घेतलेले आकडे कार्डावर उतरत आणि कार्ड कपाटाच्या ठरलेल्या खणात जाई. ही पद्धत बसवणारा माणूस म्हणजे अल्फोन्स बेर्तियों, १८७९ साली तिथे कारकून म्हणून लागलेला.

आज एखादा फंड व्यवस्थापक बँकांचे शेअर, औषध कंपन्यांचे शेअर, सरकारी रोखे आणि सोने यांचे प्रमाण ठरवताना या सगळ्यांच्या चढउताराची एकमेकांशी किती सांगड आहे ते पाहतो. उणे एक ते अधिक एक या पट्ट्यातला तो आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक. माझे म्हणणे असे, की पैशाच्या व्यवहारात या आकड्याचा जन्म झालाच नाही. तो माणसांची शरीरे मोजणाऱ्यांच्या घरात जन्मला, आणि जन्माचे निमित्त बेर्तियोंच्या त्या कपाटातली एक उणीव होती. वित्तशास्त्राची पाठ्यपुस्तके ही कहाणी १९५२ पासून सुरू करतात. मला ती तिथे अर्ध्यावर आलेली दिसते.

आधी कपाट समजून घेऊ. बेर्तियोंपुढची अडचण खरी होती. सराईत गुन्हेगार नाव बदलून पुन्हा पकडला जाई, आणि हजारो फोटोंच्या ढिगातून त्याचा चेहरा शोधणे अशक्य होते. त्यांनी प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठे असे तीन वर्ग केले. डोक्याच्या लांबीने कार्डांचे तीन गट, प्रत्येक गटाचे रुंदीने पुन्हा तीन, मग बोटाने तीन, मग आणखी एका मापाने. चार मापांतच ८१ खण तयार होतात. फेब्रुवारी १८८३ मध्ये या पद्धतीने पहिला सराईत ओळखला गेला आणि पुढच्या काही वर्षांत ती युरोप, अमेरिका ओलांडून बंगालच्या पोलिसांपर्यंत पोचली.

या सगळ्या गुणाकाराच्या मुळाशी एक गृहीतक होते : प्रत्येक नवे माप कार्डांना नव्याने तिघांत वाटते. लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी नेमके याच गृहीतकावर बोट ठेवले. २५ मे १८८८ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्यक्ती ओळखण्याच्या पद्धतींवर त्यांनी व्याख्यान दिले. बेर्तियोंच्या पद्धतीबद्दल त्यांची हरकत साधी होती. उंच माणसाचा हात लांब असतो, पाऊल मोठे असते, बोटही लांब असते. मग उंचीने माणूस ‘मोठा’ ठरला की हाताच्या मापातून नवी माहिती फारशी मिळत नाही. काही खण ओसंडून वाहतात, काही रिकामे राहतात.

हरकतीचे वजन किती, हे गाल्टनच्याच आकड्यावरून पाहता येते. उंची आणि हात यांचा सहसंबंध त्यांनी पुढे ०.८ काढला. दोन मापे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर दोन्हींत वरच्या तिसऱ्या भागात येणारी माणसे नवात एक असती. ०.८ धरून हिशोब केला तर ती साधारण चारात एक निघतात. दोन मापांतच इतका फरक. अकरा मापांचा गुणाकार केला तर खात्री भलतीच फुगते.

आता सहसंबंधाचा जन्म नेमका कुठे झाला, यावर एक जुना वाद आहे, आणि माझी सगळी मांडणी त्याच्या निकालावर उभी आहे.

एका बाजूला खुद्द गाल्टनचे आत्मचरित्र आहे. १९०८ साली, शहाऐंशीव्या वर्षी लिहिलेल्या त्या पुस्तकात नॉवर्थ कॅसलच्या परिसरातली एक आठवण येते. पावसाची सर आली, वाटेच्या कडेच्या तांबूस खडकातल्या एका खोबणीत ते आडोशाला उभे राहिले आणि तिथे कल्पना चमकली. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पियर्सन या आठवणीने इतके भारावले, की सहसंबंधाचे जन्मस्थान म्हणून त्या खोबणीत स्मृतिफलक लावायला हवा असे त्यांनी लिहिले. गोष्ट सुंदर आहे आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे सांगितली गेली.

दुसऱ्या बाजूला गाल्टनचाच १८९० सालचा लेख आहे, ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये छापलेला. त्यात ते वेगळेच सांगतात. त्यांच्यासमोर तीन प्रश्न होते. पहिला नातेसंबंधाचा : बापाच्या उंचीवरून मुलाच्या उंचीचा अंदाज किती बांधता येतो? हा त्यांनी १८८५ पर्यंत सोडवला होता. दुसरा मानवशास्त्रज्ञाचा : जुन्या थडग्यात मांडीचे एकच हाड सापडले, तर त्या माणसाची उंची किती असेल? तिसरा बेर्तियोंचा. विचार करता त्यांच्या लक्षात आले, की हे तीनही प्रश्न एकाच प्रश्नाची रूपे आहेत. दुसरे कुणी आपल्या आधी पोचेल या धास्तीने त्यांनी घाईने निबंध तयार केला आणि तो डिसेंबर १८८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला.

संख्याशास्त्राचे इतिहासकार स्टीफन स्टिग्लर यांनी १९८९ मध्ये हे दोन पुरावे शेजारी ठेवून पाहिले आणि १८९० च्या लेखाच्या बाजूने कौल दिला. मला तो पूर्ण पटतो, आणि त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे जावेसे वाटते. आत्मचरित्रातला उतारा आनुवंशिकतेबद्दल आहे. माणसाची मापे इंचात न मोजता सरासरीपासूनच्या विचलनाच्या एककात मोजावीत, हा त्या खोबणीतला साक्षात्कार. तो महत्त्वाचा आहे, कारण त्याशिवाय बोटाचा उंचीशी मेळ घालता येत नाही. एक काही इंचांचे आणि दुसरे साडेपाच फुटांचे. पण आनुवंशिकतेत बाप आणि मुलगा दोघांचीही उंचीच असते. तिथे एककाचा प्रश्न फारसा अडत नाही. बोट आणि उंची, डोके आणि हात अशा विजोड जोड्या बेर्तियोंच्या कार्डावरच शेजारी येतात. म्हणून मी जन्मस्थानाचा फलक नॉवर्थच्या खडकावर लावणार नाही, पॅरिसच्या कपाटावर लावेन.

डिसेंबरच्या निबंधातली सामग्रीही तेच सांगते. १८८४ च्या आरोग्य प्रदर्शनात साउथ केन्सिंग्टनला गाल्टननी मापनशाळा थाटली होती. तीन पेन्स देऊन ९,३३७ माणसांनी तिथे स्वतःला मोजून घेतले. ही मापनशाळा पुढेही चालू राहिली. निबंधासाठी त्यांनी तिथली २१ वर्षांवरच्या ३५० पुरुषांची मापे घेतली. उंची आणि गुडघ्याची उंची : ०.९. उंची आणि हात : ०.८. उंची आणि मधले बोट : ०.७. डोक्याची लांबी आणि रुंदी : ०.४५. उंची आणि डोक्याची लांबी : ०.३५. ही जवळपास बेर्तियोंचीच यादी आहे. वंशवेलीचा त्यात मागमूस नाही.

फ्रान्सच्या बाजूने आणखी एक दावेदार उभा केला जातो. ओग्युस्त ब्राव्हे हे नौदलातले अधिकारी आणि भौतिकशास्त्रज्ञ. अवकाशातल्या बिंदूचे स्थान ठरवताना होणाऱ्या चुकांवर १८४६ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधात आजच्या सूत्राचे गणित बरेचसे सापडते. पियर्सननी १८९६ मध्ये उदारपणे श्रेय ब्राव्हेंना दिले आणि १९२० मध्ये ते परत घेतले. परत घेणेच योग्य होते. ब्राव्हेंच्या गणितात दोन चुकांची सांगड ही गणित सुटायच्या आड येणारी वस्तू होती. ती स्वतंत्रपणे मोजावी, तिला आकडा द्यावा, दोन जोड्यांची तुलना करावी, हे त्यांच्या मनातही नव्हते.

पुढचे टप्पे सर्वपरिचित आहेत. पियर्सननी सूत्र पक्के केले. १९०१ मध्ये गाल्टन, पियर्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक काढले. परताव्याच्या चढउताराचे जे माप पुढे वित्तशास्त्राने जोखीम म्हणून स्वीकारले, ते व्हेरियन्स हे नाव आर. ए. फिशर यांनी १९१८ साली दिले, आणि तेही नातेवाइकांमधल्या सहसंबंधावरच्या निबंधात. या घराण्याला एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे बरोबर नाही. गाल्टन, पियर्सन आणि फिशर तिघेही सुप्रजननवादी होते. कुणाची अवलाद वाढावी आणि कुणाची नाही, हे मापांवरून ठरवता येईल असे त्यांना वाटे.

आता १९५२ कडे, पण थोडे आधीपासून. शिकागो विद्यापीठातला पंचविशीच्या आतला विद्यार्थी हॅरी मार्कोविट्झ प्रबंधाचा विषय ठरवण्यासाठी प्राध्यापक जेकब मार्शाक यांच्या खोलीबाहेर थांबला होता. तिथे बसलेल्या एका शेअर दलालाने त्याला शेअर बाजारावर काम करायला सुचवले. मग ग्रंथालयात जॉन बर विल्यम्स यांचे १९३८ चे पुस्तक त्याच्या हाती आले. विल्यम्स यांचे मत असे होते, की शेअरचे मोल म्हणजे पुढे मिळणाऱ्या लाभांशांचे आजचे मूल्य, आणि पुरेसे वेगवेगळे रोखे घेतले की त्यांतली अनिश्चितता मोठ्या संख्येच्या नियमाने विरून जाते.

मार्कोविट्झना हे पटले नाही. रोख्यांचे परतावे एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की मोठ्या संख्येचा नियम तिथे लागू पडत नाही, असे त्यांनी मार्च १९५२ च्या ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधल्या निबंधात मांडले. रेल्वे कंपन्यांचे साठ रोखे घेणारा आणि तेवढेच रोखे रेल्वे, वीज, खाणी, कारखाने असे मिसळून घेणारा यांची जोखीम सारखी नसते, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

मला चकित करणारा दुवा इथे आहे. गाल्टननी बेर्तियोंवर घेतलेली हरकत आणि मार्कोविट्झनी विल्यम्सवर घेतलेली हरकत एकच आहे. दोन्हीकडे कुणीतरी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या, त्या स्वतंत्र आहेत असे धरले आणि नुसत्या संख्येवर खात्री उभी केली. दोन्हीकडे उत्तर मिळाले, की आधी जोड्या तपासा.

तपासल्यावर काय दिसते, याचे गणित पाहण्यासारखे आहे. दोन शेअर घ्या. दोघांचाही परतावा सरासरीच्या आसपास २० टक्के प्रमाण विचलनाने हलतो. पैसे निम्मे निम्मे. सहसंबंध १ असेल तर एकत्रित विचलनही २० टक्के. काही पदरात पडले नाही. ०.५ असेल तर ते १७.३ वर येते, शून्य असेल तर १४.१ वर, आणि उणे १ असेल तर शून्यावर. आता असेच शंभर शेअर घ्या. ते स्वतंत्र असतील तर एकत्रित विचलन २ टक्के. पण प्रत्येक जोडीतला सहसंबंध फक्त ०.३ असला, तरी ते ११ टक्क्यांच्या खाली येत नाही, आणि शंभराचे हजार केले तरी तिथेच अडकून बसते. विल्यम्स यांचे आश्वासन आणि वास्तव यांतले हे अंतर. शंभर शेअरांत ४,९५० जोड्या होतात. पुढे १९६३ मध्ये विल्यम शार्प यांनी सगळ्यांचा संबंध बाजाराच्या एका निर्देशांकाशी जोडून ती आकडेमोड आवाक्यात आणली. १९९० च्या नोबेलमध्ये दोघेही होते.

या कुळकथेला आव्हान देणारे तिघे आहेत आणि तिघेही तगडे आहेत.

पहिला दावा व्यापाऱ्यांचा. माल अनेक जहाजांत वाटावा, ही अक्कल फार जुनी. १७३८ मध्ये डॅनिएल बर्नुली यांनी सेम्प्रोनियस नावाच्या काल्पनिक व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊन ती गणितात बसवली. पण बर्नुलींनीही दोन जहाजांचे धोके वेगवेगळे धरून गुणाकार केला. दोन्ही जहाजे एकाच वादळात सापडली तर काय, हा प्रश्न तिथे येत नाही. बेर्तियोंची उणीव इथे दीडशे वर्षे आधीच बसलेली आहे. व्यापाऱ्यांच्या बाजूचा खरा मोहरा म्हणजे ब्रूनो दे फिनेत्ती. त्रिएस्तेच्या आसिकुरात्सिओनी जनराली या विमा कंपनीत त्यांनी काम केले होते. विमा कंपनीने प्रत्येक जोखमीतला किती हिस्सा स्वतःकडे ठेवावा आणि किती पुनर्विम्याला द्यावा, यावरच्या १९४० च्या इटालियन निबंधात त्यांनी परस्परांत गुंतलेल्या जोखमींचाही विचार केला. मार्कोविट्झनी २००६ मध्ये लेख लिहून ही आघाडी मोकळेपणाने मान्य केली. केंब्रिजच्या ए. डी. रॉय यांनी जुलै १९५२ मध्ये जवळपास तेच गणित स्वतंत्रपणे मांडले होते, त्यांनाही मार्कोविट्झनी बरोबरीचा मान दिला. म्हणजे दे फिनेत्तींचा मान मोठा आहेच. पण सहसंबंधाचा आकडा त्यांच्याही हाती घडवलेलाच आला, घडवला तो मापनशाळेने.

दुसरा दावा अधिक चिवट आहे, कारण तो थेट कागदपत्रांच्या वाटेने येतो. अनेक रोख्यांच्या बेरजेचे विचलन कसे काढायचे, हे मार्कोविट्झनी जे. व्ही. उस्पेन्स्की यांच्या संभाव्यताशास्त्राच्या १९३७ च्या पुस्तकात पाहिले. उस्पेन्स्की हे आंद्रेई मार्कोव्ह यांचे शिष्य. म्हणजे वंशावळ लंडनला जात नाही, सेंट पीटर्सबर्गला जाते! बेरजेच्या विचलनाचे सूत्र खरोखरच त्या परंपरेत जपले गेले, हे मला मान्य आहे. तरीही १९५२ चा निबंध उघडून पाहावा. दोन रोख्यांची सांगड मांडताना मार्कोविट्झ ती सहसंबंध गुणांकातून फोडून दाखवतात आणि त्याचा उल्लेख वाचकाच्या ओळखीची वस्तू असा करतात. १९५२ च्या अर्थशास्त्रज्ञाला हा आकडा ओळखीचा कुणी केला? सूत्राचा सांगाडा पीटर्सबर्गचा असेल, पण दोन गोष्टी किती एकत्र हलतात हे एका आकड्यात सांगण्याची सवय गाल्टनच्या घरची.

तिसरा दावा आपल्या शिवारातून येतो आणि माझ्या मते तो सर्वांत सुंदर आहे. १९७५ पासून इक्रिसॅट या संस्थेने कोरडवाहू भागातल्या काही गावांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर, कळमण आणि अकोला जिल्ह्यातली कान्झरा, किनखेड ही गावे होती. मार्क रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये ही माहिती वापरून असे दाखवले, की ज्या घरांचे शेतीतले उत्पन्न जास्त हेलकावे खाते, ती घरे लेकी अधिक लांबच्या गावी देतात. आपल्या गावात पाऊस हुकला तरी व्याह्यांच्या गावी तो पडलेला असू शकतो, आणि अडीअडचणीला सोयरे उभे राहतात. ज्वारीत तुरीचे पाटे टाकणारा शेतकरी दोन पिकांच्या बाबतीत हेच करतो. दोन उत्पन्नांतला सहसंबंध जोखीम आवरायला वापरणे, याची इतकी शुद्ध उदाहरणे मला दुसरीकडे दिसलेली नाहीत. व्यवहार म्हणून हे मार्कोविट्झच्या कितीतरी आधीचे आहे आणि माझा त्याला मुजरा. पण कुळकथा आकड्याची आहे. सोयरीक किती कोसांवर करावी हे त्या घरांना अनुभवाने कळत होते. किती तुटक सांगड पुरेशी, हे सांगणारा आकडा त्या वाटेने आला नाही.

आकड्याचे शरीराशी असलेले नाते मार्कोविट्झनंतरही तुटले नाही. २००० साली डेव्हिड ली यांनी कंपन्यांच्या कर्जबुडवेपणातला सहसंबंध मोजण्याची एक रीत मांडली. त्यासाठी त्यांनी विमाशास्त्रातली आयुर्मानाची गणिते वापरली, कंपनी बुडणे म्हणजे तिचा मृत्यू असे मानून. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मृत्यूचा धोका वाढतो, या अभ्यासाची त्यामागे प्रेरणा होती. गृहकर्जांच्या गठ्ठ्यांची किंमत ठरवायला ही रीत सर्रास वापरली गेली. घरांच्या किमती अमेरिकाभर एकदम पडणार नाहीत, हे त्या व्यवहारात धरून चालले होते. २००८ मध्ये त्या एकदम पडल्या.

या कुळाची भारतीय शाखा बोटीने आली. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले प्रशांतचंद्र महालनोबिस मायदेशी परतताना ‘बायोमेट्रिका’चे खंड विकत घेऊन सोबत आणतात आणि प्रवासात वाचतात. १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. तिथे प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे महालनोबिस यांच्याकडे तपासायला दिली. नागपुरात सोपवलेल्या या कामातून वाढत गेलेल्या विचारांनी १९३६ मध्ये महालनोबिस अंतराचे रूप घेतले. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजताना उंची आणि हात यांचा फरक दोनदा धरला जाऊ नये, म्हणून हे माप मापांमधला सहसंबंध वजा करून चालते. बेर्तियोंच्या कपाटाला जी दुरुस्ती हवी होती, ती इतक्या नेटकेपणाने इथेच झाली.

आणि २०१० मध्ये मार्क क्रिट्झमन आणि युआनझेन ली यांनी हेच अंतर बाजाराला लावले. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी कवट्यांचा उल्लेख आवर्जून ठेवला. दोन शेअर नेहमी एकत्र चढतात. एके दिवशी दोन्ही तीन टक्के चढले तर त्यात नवल नाही. एक तीन टक्के चढला आणि दुसरा तीन टक्के पडला, तर चढउतार तेवढाच असूनही तो दिवस विचित्र आहे. महालनोबिस अंतर हा विचित्रपणा मोजते, आणि त्यावरून बाजार खवळल्याचे दिवस ओळखता येतात.

शेवटचा दुवा पुण्याचा आहे. माझ्या मांडणीत मला तोच सर्वांत प्रिय आहे. इरावती कर्वे यांचा बर्लिनमधला प्रबंध मानवी कवटीच्या असमतोलावर होता. डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यावर दुसरे नाव आहे वि. म. दांडेकर यांचे. गोखले इन्स्टिट्यूटचे दांडेकर, ज्यांना आपण दारिद्र्याच्या अभ्यासासाठी ओळखतो. हेच दांडेकर १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये पीकविम्यावर लिहितात. गुजरातेत एच-४ कापसावर १९७२ पासून जो प्रयोग चालला होता, त्यात एकेका शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजायचे होते. दांडेकरांनी एकक बदलले. एका परिसरातल्या सगळ्यांची पिके पावसाबरोबर एकत्र वरखाली होतात. तेव्हा मोजायची ती परिसराची सरासरी, आणि ती उंबरठ्याखाली गेली की सगळ्यांना भरपाई. म्हणजेच विमा कंपनीकडे एका परिसराची जोखीम एकदम येते, आणि ती आवरायची तर तिच्याकडे असे पुष्कळ परिसर हवेत ज्यांचा पाऊस एकमेकांशी बांधलेला नाही.

कॅलिपरच्या मापांवर काम केलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी, यात योगायोग नाही असा माझा ठाम अंदाज आहे. एकाच समूहातल्या माणसांची मापे किती जुळतात आणि दोन समूह किती वेगळे, हाच प्रश्न त्यांनी १९५१ मध्ये हाताळला होता. माणसांच्या जागी शेते आली.

जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने १९७९ मध्ये या क्षेत्र पद्धतीने प्रायोगिक योजना सुरू केली. १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना याच पायावर उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात हे एकक महसूल मंडळ असते. आमचे पीक गेले पण मंडळाची सरासरी ठीक निघाली म्हणून भरपाई नाही, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. त्या शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा आणि मंडळाच्या सरासरीचा सहसंबंध जितका एकापासून दूर, तितकी ही तक्रार खरी. मंडळाऐवजी गाव एकक धरा, या मागणीत हा आकडा वर नेण्याचीच खटपट आहे. त्यासाठी पीक कापणी प्रयोग मात्र कैकपट करावे लागतात.